वॉर्डाला तहान लागत नाही

भाकरी आमटीत कुस्करत गया म्हणाली, "अवो, कांदा फोडताय का कुणाचं डोस्कं?" मी कांद्यावर दुसरी बुक्की हाणली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं जेवण. जेवून ती हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेली. आमच्याच विहिरीला कुलूप होतं ना.

मी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. मोटर चालू करायची अन् एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाची चावी, फिरवायचा. दुष्काळ लई पाहिले, पण आमची विहीर आटली नाय. तेच नडलं.

शहर वाढत वाढत आमच्या बांधाला भिडलं. हद्दवाढ झाली, म्हणजे गाव शहरात घेतलं. साहेब आले, हार घालून घेतले, फोटो काढले अन् पंपघराला स्वतःचं कुलूप लावलं. पाणी टँकरनं नव्या सोसायट्यांना चाललं.

"साहेब, गावाचं पाणी?"

"काका, आता गाव नाही. वॉर्ड आहे."

"मग वॉर्डाला तहान लागत नाय का?"

"टँकर येईल ना. सिस्टीम बसू द्या."

मी चौथी शिकलो. पण मुलूख कसा घेतात हे इथल्या माणसाला शिकवावं लागत नाय. दौलताबादचा किल्ला रोज दिसतो. यादवांचा होता, मग दिल्लीच्या सुलतानाचा, निजामशाहीचा, मुघलांचा, शेवटी हैदराबादच्या निजामाचा. कुणी लढून घेतला, कुणी फितुरीनं, कुणी तहात. निजामाचं राज्य गेलं हे माझ्या बापाला आठवडी बाजारात कळलं. बैल विकायला गेला होता, विकून घरी आला. राज्य बदललं, पाणवठा तोच राहिला. त्या राजांना एवढी अक्कल होती की रयत मेली तर सारा कोण भरणार. ह्या साहेबांना जमीन पाहिजे, विहीर पाहिजे, माणसं तेवढी नको. मुलूख घेतला की त्यातली माणसंही पदरात पडतात, हे ह्यांना कोणत्याच कॉलेजात शिकवलं नाय का?

त्या दुपारी टँकर आलाच नाय. रांगेत गयाला ऊन लागलं. बाजेवर घालून घरी आणली तवा संपली होती. तिच्या शेवटच्या आंघोळीला घरात पाणी नव्हतं. वरच्या गल्लीतल्या बायांनी आपापल्या घरातलं उरलंसुरलं आणलं, कुणी कळशी, कुणी तांब्या. त्याआधी आंघोळीपुरतं पाणी मागायला मी साहेबाला फोन केला होता.

"सॉरी काका. अर्ज द्या, बघतो."

कशाचा अर्ज, ते मी विचारलं नाय.

पुढं मला नोटीस आली, नोकरी गेली. पण विहिरीवर गावाची पाळी पहिली ठरली, अन् ती पुन्हा मोडायला कुणी आलं नाय. कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपघरावर गेलो. दारात फुलंब्रीकडचा गार्ड होता. त्यानं काठी आडवी धरली.

"तात्या, मागं व्हा. माझी नोकरी जाईल."

"काल बायको जाळली. सुतकात हाय मी. शिव मला."

सुतकातल्या माणसाला आमच्याकडं कुणी शिवत नाय. त्याची काठी खाली गेली.

"मला आंघोळ करावी लागंल हो," तो म्हणाला.

"कर की. पाणी हाय का?"

तो बाजूला झाला. मागं गाव जमलं होतं. मी दगडानं कुलूप फोडलं, मोटर चालू केली अन् पहिला व्हॉल्व्ह वरच्या गल्लीचा फिरवला.