मले आणि मला

अमरावतीच्या कॉलेजात आम्हाला वर्षभर सगळ्यात नेटानं काय शिकवलं असेल, तर गप्प बसायला. विशेष मुलांच्या शाळेत बाईंच्या हाताखाली काम करणाऱ्या मदतनिसांचा तो अभ्यासक्रम होता. मुलानं मागावं अशी वस्तू समोर धरायची आणि मनात दहापर्यंत आकडे मोजत थांबायचं. आपण बोलायचं नाही. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ही शिक्षाच. अकोल्याला घरी मी समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि इथे दहा आकडे!

सरावाच्या शाळेत माझ्या वाट्याला नऊ वर्षांची एक मुलगी आली. ती बोलत नव्हती. तहान लागली की स्वतःचं मनगट चावायची, त्यावर काळपट घट्टा पडला होता. तिची आई देवळाबाहेर हार विकायची आणि दुपारी तिला न्यायला यायची, तेव्हा तिच्या बोटांना झेंडूचा पिवळा रंग लागलेला असे. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "म्याडम, लिवनं-वाचनं राहू द्या. तहान लागली एवढं जरी सांगतलं ना तिनं, तं लय झालं. म्या गेल्यावर कोन वळखन तिचं?"

मी पाठाच्या टाचणात उद्दिष्ट लिहिलं: विद्यार्थिनी पाणी मागेल.

अडीच महिने लागले. पेला धरायचा, दहा मोजायचे, मग नुसते ओठ मिटून 'म' करून दाखवायचा, पुन्हा दहा मोजायचे. माझा हात अवघडायचा. कधी कधी तिचा इतका राग यायचा की आपल्याला हे काम जमणार नाही असं वाटायचं. एका मंगळवारी तिनं पेल्याकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मले."

मी पेला देताना निम्मं पाणी तिच्या फ्रॉकवर सांडलं. आठवड्याभरात त्या एका शब्दाचं "मले पानी" झालं. तिची आई शाळेच्या फाटकातच तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेई आणि प्रत्येक वेळी बाटली पुढे करी. पोरगी पाणी पिऊन पिऊन टम्म व्हायची, तरी म्हणायची. मनगटाची कातडी निवळायला लागली होती.

वार्षिक परीक्षेच्या पाठाला पंधरा दिवस असताना मार्गदर्शक मॅडमनी माझी फाईल तपासली. पानापानावर 'मले'भोवती लाल गोल. "शिकवायची ती प्रमाण भाषा," त्या म्हणाल्या. "परीक्षक बाहेरून येणार आहेत. पाठात ती 'मला' म्हणाली पाहिजे." मॅडम काही वाईट नव्हत्या. माझी फाईल त्या सगळ्या वर्गाला दाखवायच्या. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलं. आता लाज वाटते ती याचीच. एका मुलाखतीत माझ्या तोंडून 'मले' निसटलं होतं आणि टेबलापलीकडचे तिघंही हसले होते. त्यानंतर 'मला' मी घासूनपुसून तोंडात बसवला होता. हिचंही आत्ताच शुद्ध होऊन जाऊ दे, असं मला वाटलं. तिच्या आईलाही बजावलं, "ताई, घरी पण 'मला'च घ्या. पेला धरून दहा मोजा; 'मले' म्हणाली किंवा काहीच नाही म्हणाली, तर पेला मागे घ्यायचा."

दुसऱ्या दिवसापासून ती "मले पानी" म्हणाली की मी पेला मागे घेऊ लागले. ती आणखी जोरात म्हणायची, मला ऐकू आलं नसेल असं वाटून. मी नाही म्हणून मान हलवायची. तिसऱ्या दिवशी तिनं दोन्ही हातांनी माझं डोकं धरून खाली ओढलं, माझ्या कानाला तोंड लावलं आणि सावकाश म्हणाली, "मले." तरी मी मान हलवली. चुकीच्या उत्तराला वस्तू द्यायची नाही, असं आमच्या वहीत होतं.

पाचव्या दिवशी ती काहीच म्हणाली नाही. तिनं मनगट तोंडात घातलं.

पाठाच्या दिवशी मी परीक्षकांसमोर पेला धरून उभी राहिले. दहा मोजले, पुन्हा दहा मोजले. ती खिडकीकडे बघत होती. परीक्षक समजुतीनं म्हणाले, "मुलीचीच मर्यादा आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. टाचण मात्र सुरेख आहे." मी पहिल्या वर्गात पास झाले.

शाळेत अजून आठ दिवस उरले होते. मी तिच्यासमोर गुडघे टेकून "मले म्हण गं, मले," करत राहिले. पेला न मागताही देऊन पाहिला. ती पाणी प्यायची, पण माझ्या तोंडाकडे बघत नव्हती. मग सराव संपला आणि मी अकोल्याला आले. आता इथल्या एका शाळेत मदतनीस आहे. मुलं जसं बोलतील तसं बोलू देते. त्या पोरीला त्याचा काही उपयोग नाही.

गेल्या महिन्यात कामासाठी अमरावतीला गेले होते, तेव्हा देवळाकडे गेले. आई हार ओवत होती. मागे पोत्यावर मुलगी बसली होती, मनगटाला फडकं बांधलेलं. तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल. आई मात्र लगबगीनं उठली. "म्याडम! म्या सोडलं नाई बरं. रोज घेतो तिच्याकडून. पन माह्याच तोंडात थो 'मला' बसत नाई, घाईत 'मले' निंगून जाते. त्याच्यानंच बिघडलं असन तिचं."

"ताई, 'मले'च बरोबर होतं," मी म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. मीच चुकले."

ती हसली. "माह्यं मन राखाले म्हनून राहिल्या तुमी. थांबा, दाखवतो."

तिनं पदरानं पेला पुसला, पाणी भरलं आणि मुलीसमोर धरला. "मला," ती जपून म्हणाली आणि ओठातल्या ओठात आकडे मोजू लागली. दहा झाल्यावर, मी शिकवलं होतं तसा, तिनं पेला मागे घेतला.