बिघडलेल्या मोटरींचं गिऱ्हाईक

माझ्या ताईच्या नवऱ्याला कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर हा गृहस्थ छाती काढून सांगतो, "आवाज गोळा करतो." भंगारवाला परवडला, तो निदान पत्रा तरी नेतो!

सिनेमा-नाटकवाल्यांना लागणारे यंत्रांचे आवाज दाजी रेकॉर्ड करून विकतात. पंप, पंखे, शिलाई मशीन, काय वाट्टेल ते. एकदा ताईने अख्ख्या खानदानाला सिनेमाला नेलं. पडद्यावर विमान कोसळताना तिने मला कोपर मारलं, "हे यांचं!" विमान कसलं डोंबलाचं! माझ्या दुकानातला ग्राइंडर होता तो. मी एवढ्या जोरात हसलो की पुढचे लोक मागे वळून बघायला लागले. तेवढ्यात तिकडे हिरोचा बाप मेला होता.

माझं दुकान मोटरी दुरुस्त करायचं. बावीस वर्षं झाली. चालू मोटरला स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि न उघडता सांगायचं, बेअरिंग गेलंय की नाही. लोक दुसरी दोन दुकानं ओलांडून माझ्याकडे येतात ते या कानासाठी, माझ्या गोड स्वभावासाठी नव्हे.

दर मंगळवारी दाजी हजर. गळ्यात हेडफोन, हातात मायक्रोफोन, त्या मायक्रोफोनला ताईने विणलेली टोपी. पहिला प्रश्न, "कण्हणारी काही आलीये का?" धडधाकट मोटर त्यांना चालत नाही. दुरुस्तीला घेतली की कळवळतात, "अरे, दोन दिवस राहू दे ना, काय सुंदर खोकतेय!" मग दार लावा, पंखा बंद करा. जोरात श्वास घेतला तरी डोळे वटारणार. मी मुद्दाम बोलायचो. ऐन रंगात आले की म्हणायचं, "शिट्टी ऐकू येतेय का दाजी? पुढचं बेअरिंग गेलंय. तुमच्या यंत्राला कळलं का?"

"घातलास घोळ!" म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. फार मजा यायची.

मागे एका मंगळवारी एका दवाखान्याच्या लिफ्टची मोटर तयार होती. तांब्याच्या तारेचे वेढे नवे भरले होते. बेअरिंग मी कानाने तपासून जुनंच ठेवलं होतं. म्हटलं, "एकदम ठणठणीत. आज तुम्हाला काही नाही." तरी दाजींनी मायक्रोफोन धरलाच. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अरे, बारीक शिट्टी आहे हिच्यात."

माझी सटकली. "दाजी, तुम्ही विमानं पाडा. मोटरीतलं मला शिकवू नका!"

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर चढवले. नुसती घरघर. "कुठाय शिट्टी? वय झालं तुमचं."

त्यांनी एक जुनं रेकॉर्डिंग शोधून लावलं, आठ वर्षांपूर्वीचं. मी मध्ये बोलून वाया घालवलेलं सगळं या माणसाने जपून ठेवलं होतं! मोटर घरघरली आणि माझाच आवाज आला, "शिट्टी ऐकू येतेय का दाजी? पुढचं बेअरिंग गेलंय."

माझं बोलणं लख्ख ऐकू आलं. शिट्टी नाही आली.

मी पुन्हा लावायला सांगितलं. आवाज वाढवायला सांगितला. तिसऱ्यांदा दाजींनी माझ्याकडे बघायचंच टाळलं.

मग मी लिफ्टची मोटर उघडली. बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडले होते. माझ्या शब्दावर हीच मोटर संध्याकाळी आजारी माणसं वर-खाली नेणार होती. आणि हा कान गेला, तर माझ्या दुकानात उरलं काय?

"ताईला सांगू नका," मी म्हणालो.

"मी कशाला सांगतोय? मी फक्त आवाज गोळा करतो."

दाजी रिकामटेकडे आहेत हे माझं मत अजून कायम आहे. पण आता ते रोज येतात, आणि पंखा मीच बंद करतो. गिऱ्हाईक समोर उभं असतं. मी स्क्रू ड्रायव्हर ऐटीत कानाला लावतो आणि गुपचूप दाजींच्या कपाळाकडे बघत राहतो. आठी पडली की सांगतो, "बेअरिंग गेलंय."