पाण्यात सुसर!

माझ्या सासऱ्यांना समुद्रातून वाचवण्यात आलं, तेव्हा त्यांना कसलाही धोका नव्हता. धोका मला होता, पण तो नंतर.

सासरे म्हणजे नाना. सगळी सरकारी नोकरी दिल्लीत गेली, पण मराठी अशी की समोरचा आपोआप स्वतःचं व्याकरण तपासू लागतो. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. (वाईटही नाही. नुसतं ‘हं’ म्हणायचे.) तो एक शब्द मिळावा म्हणून तर मी त्यांना आमच्याबरोबर अंदमानला नेलं.

नानांनी विमानातच फर्मान काढलं, “सुट्टीभर हिंदी बंद.” हे आमच्या रेवासाठी होतं. ती दिल्लीतल्या मयूर विहारात वाढलेली. तिला प्राणी म्हणजे सोसायटीतली माकडं आणि कबुतरं, त्यातही माकडाला ती बंदर म्हणते.

किनाऱ्यावर मी दुर्बीण गळ्यात घालून गुरुजी झालो.

“बाबा, किंगफिशर!”

“खंड्या म्हणायचं.”

“हे हर्मिट क्रॅब?”

“हा... शंखातला खेकडा,” मी ठोकून दिलं. नाना म्हणाले, “हं.”

पुढे मगरींपासून सावध करणारी पाटी होती. “मगरमच्छ!” रेवा ओरडली. “मगर हिंदीतही चालते. सुसर म्हण, सुसर,” मी नानांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. पोहायला निघालेल्या नानांची मान किंचित हलली. मला भलताच हुरूप आला.

नाना पट्टीचे पोहणारे. थोड्याच वेळात ते डोळे मिटून, उताणे, निवांत तरंगत होते. आणि त्यांच्या पलीकडे मला काहीतरी काळपट, लांबलचक, खडबडीत दिसलं. माझी दातखीळ बसली. ती सुटली तेव्हा तोंडातून ताजा धडाच बाहेर पडला, “सुसर! पाण्यात सुसर!”

किनाऱ्यावरचा जीवरक्षक धावत आला. “किसके ससुर?”

मी कुठला नीट ऐकतोय! “उधर! पानी में!”

“उम्र कितनी है?”

“मुझे क्या पता? बहुत बड़ा है!”

“तैरना आता है?”

“आता ही होगा ना, यार!”

त्याने उडी घेतली. सुसरीच्या अंगावर एकटा जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण तो गेला थेट नानांकडे. नानांनी हातपाय झाडले, तसा त्याने त्यांना आणखी घट्ट धरलं आणि ओढत वाळूवर आणलं. सुसर मागोमाग आपली आपणच किनाऱ्याला लागली. झाडाचा ओंडका होता. त्यावर एक खंड्या येऊन बसला.

“दामाद ने बचा लिया आपको,” जीवरक्षक नानांना म्हणाला. “ससुर, ससुर करके गला फाड़ रहे थे।”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे ओले होते (खारं पाणी असेल). त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बायकोनेही माझ्याकडे पाहिलं, पण तिला सगळं कळलं होतं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

जेवताना नानांनी घसा साफ केला. “जावईबापू, आज तुम्ही...”

माझा घास हातातच राहिला. तो शब्द येत होता!

“अरे आजोबा,” रेवा म्हणाली, “बाबा तर त्या लकडीला बघून ओरडला ना. सुसर, सुसर.”

“लकडी नाही, ओंडका,” नाना म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले.

“शब्द बरोबर होता,” ते म्हणाले. “प्राणी चुकला.”

अर्धं का होईना, कौतुक होतं. मी ते पदरात पाडून घेतलं आणि म्हणालो, “हं.”