बायकोनं घातलेली आन

आन हा शब्द आमच्या माकणीत लेकरू दात येण्याआधी शिकतं. शिवाशिवीत धरलेला गडी "आईची आन, मला हात लागलाच न्हाय" म्हणून पळतो. पाव्हण्याच्या ताटात चौथी भाकरी टाकताना "माझी आन हाय तुमाला" म्हणतात, तिथं आन म्हणजे नुसता आग्रह. बाजारात बैल विकणारा "देवाची आन, चारच दात हायत" म्हणतो, तिथं आन म्हणजे बैलाचं तोंड आपणच उघडून बघावं. येडेश्वरी देवीची आन मात्र उगी कुणी घेत न्हाय. अन् एकानं दुसऱ्याला घातलेली आन, ज्यानं घातली त्यानंच 'सुटली' म्हणल्याबिगर सुटत न्हाय. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण एवढं कळायला तेवढीही लागत न्हाय.

पारावरच्या दगडावर वाघ-बकरीचा पट कोरलेला हाय. तिथं मी अन् शेजारचा म्हातारा रोज बसतो. आमच्या वयाचं खेळणारं आता दुसरं कुणी उरलं न्हाय. एकदा एका बकरीवरून दोघं इतकं वरडलो की दुपारचं जेवण राहिलं. बायको स्वतः पारावर आली अन् त्याच्यासमोर म्हणाली, "माझी आन हाय तुमाला, पुन्हा या दगडावर बसलाव तर."

दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या बाळंतपणाला भूमला निघून गेली. घर रिकामं, पारही बंद. मी हट्टी माणूस, आठवडाभर दम काढला. मग शेजाऱ्यासमोरच तिला फोन लावला. "सुटली म्हण," म्हणलं. ती हसत "सुटली" म्हणाली.

शेजारी खडे उचलंना. म्हणाला, "ही चालत न्हाय. तिनं आन फोनवर घातली व्हती का?"

"आरं, तिचाच आवाज हाय की."

"आवाज हाय, वहिनी कुठं हाय? उद्या तिला काय झालं तर पाप माझ्या डोक्यावर. समोरासमोर सोडवून ये."

बायकोच्या जिवाची गोष्ट. सकाळी एसटी धरली, मधी दोनदा बदलली अन् भूमला पोचलो.

"बाळ बघायला आलाव व्हय?" बायकोनं विचारलं.

लेकीच्या सासूदेखत दगडासाठी आलो असं कसं म्हणावं? "व्हय," म्हणलं. मुक्काम केला. नातीला मांडीवर घेतलं, तिनं धोतर भिजवलं. पण आनेचं तोंडातून निघंना. सकाळी पिशवी उचलली. आता हात हालवत परत जायचं.

बायको उंबऱ्यापर्यंत आली. "सुटली बरं का," हळूच म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"तुमी कवा लेकराला बघायला एवढ्या एसट्या बदलल्या? पण जेवायच्या वक्ताला उठायचं."

"घाल की मग तशी आन."

"न्हाय घालत. ती सोडवायला पुन्हा इथं याल."

माकणीत उतरलो तो घरी न जाता पारावरच गेलो. शेजारी पट पुसून बसला होता.

"सुटली?"

"तोंडावर."

त्यानं बकऱ्यांचे खडे माझ्याकडं सारले. म्हणलं, वाघ मी घेणार. लागलं भांडण.