आधीच्या मालकावर फोडलेलं खापर

आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचो तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची ही गोष्ट. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. जायला-यायला कंपनीची बस होती, त्यामुळे आमची जुनी सेकंडहँड गाडी बायकोच्याच कामाला यायची. तिची आई उल्हासनगरला अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. सांभाळायला बाई ठेवली होती, पण तिने घास पुढे केला की सासूबाई तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. लेकीच्या हातून मात्र निमूट जेवायच्या. बस आणि रिक्षा करत बायकोला आठवड्यातून दोनदाच जाणं जमायचं. म्हणून पस्तिशीत ती ड्रायव्हिंग शिकली आणि ती शिकवायची ती सकाळची शाळा सुटली की रोज आईला भरवायला जाऊ लागली.

मला मात्र ॲव्हरेजचं वेड. कॅन्टीनमध्ये आम्हा गाडीवाल्यांचा तोच विषय, कुणाची गाडी लिटरला किती देते. कार्बोरेटरमध्ये जेट नावाचा पितळेचा छोटा तुकडा असतो, त्याच्या भोकातून इंजिनला पेट्रोल जातं. तो एक नंबर लहान टाकायचा, की झालं काम. बुवापाड्यातल्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून मी तो गुपचूप बदलून घेतला. घरी सांगायची गरजच वाटली नाही.

पंधरा दिवसांत बायको म्हणाली, "अहो, ॲक्सिलरेटर दाबला की गाडी क्षणभर थबकते. मग एकदम उसळी मारते."

"क्लच घाईने सोडत असशील," मी पेपरातून मान वर न काढता म्हणालो.

तिने दोनदा-तीनदा सांगितल्यावर मी स्वतः चालवून पाहिली. माझ्या हातात गाडी सुतासारखी सरळ. मग काय, मला आणखीच चेव आला.

एका शुक्रवारी, कारखान्याला सुट्टी म्हणून, मी तिच्याबरोबर निघालो. अंबरनाथला वळण घेताना समोरून टँकर येत होता. वेळ पुरेसा होता, तिचा अंदाज बरोबर होता. पण ऐन रस्त्याच्या मध्ये गाडी थबकली. टँकरवाल्याने करकचून ब्रेक मारला आणि आमच्या दारापासून हातभर अंतरावर थांबला. माझी पाचावर धारण बसली होती, आणि घाबरलो की मी ओरडतो. "पाय द्यायची अक्कल नाही तर बसतेस कशाला स्टिअरिंगवर?" मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडलो. ती उतरली आणि वळसा घालून माझ्या बाजूच्या दारापाशी येऊन उभी राहिली.

त्यानंतर तीन महिने तिने किल्लीला हात लावला नाही. पुन्हा बस, पुन्हा रिक्षा, पुन्हा आठवड्यातून दोनदा. सासूबाईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला ते दिसत होतं. पण इंजिनिअर माणूस, आपलंच चुकलं असेल हे डोक्यात यायला हवं ना!

शेवटी तिनेच हालचाल केली. उल्हासनगरला आईच्या बिल्डिंगसमोर एका म्हाताऱ्या सिंधी मिस्त्रीचं गॅरेज होतं. एका शुक्रवारी मी तिला गाडीने घेऊन गेलो होतो, तेव्हा मी गाडी लावत असताना ती थेट त्याच्याकडे गेली. "ये चलाते हैं तो ठीक, मैं चलाती हूँ तो अटकती है," तिने सांगितलं.

"तो आप ही चलाओ ना, मैं बाजू में बैठता हूँ," तो म्हणाला.

मी मागे बसलो. तिने गाडी काढली, इंजिन गरम होतं म्हणून शिकवल्याप्रमाणे चोकचा दांडा पूर्ण आत ढकलला. पाय दाबताच गाडी अडखळली. मिस्त्रीने दांडा बोटभर बाहेर ओढला आणि म्हणाला, "अब दबाओ." गाडी तुरुतुरु पळाली.

तो मागे वळून मला म्हणाला, "साईं, आप चोक खींचके चलाते हो क्या?"

चालवत होतो. सकाळी गाडी सुरू करताना ओढलेला चोक पूर्ण आत ढकलायचा आळस, ही माझी जुनीच सवय. चोक ओढलेला असला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं, म्हणून माझ्या हातात गाडी अडत नव्हती. "मॅडम का पाँव एकदम बराबर है. पेट्रोल कम पड़ता है," असं म्हणत त्याने गॅरेजमध्ये कार्बोरेटर उघडला, जेट काढून उजेडात धरला. "ये तो छोटा है. किसने डाला?"

बायको माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मी म्हणालो, "आधीच्या मालकाने टाकला असेल."

मिस्त्रीने योग्य नंबरचा जेट बसवला. परत येताना तीच चालवत होती. अंबरनाथच्या त्याच वळणावर गाडी अजिबात न अडता निघाली आणि ती मोठ्याने हसली. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज जाऊ लागली. आईला वरणभात कालवून भरवायची, वेणी घालायची, संध्याकाळच्या आत परत. पण सासूबाईंची तब्येत खालावली ती सावरली नाही. दोन महिन्यांनी त्या गेल्या.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ती आईच्या रिकाम्या पलंगावर बसली होती. म्हणाली, "मधले तीन महिने मी घाबरून बसले नसते तर आई थोडी जगली असती का हो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "तुझी काय चूक त्यात? गाडीच खराब होती."

तिने माझा हात घट्ट धरला. "तुम्ही होतात म्हणून निभावलं," असं म्हणून ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली.