थांबाबाई आणि रिकामं फंक्शन

रुग्णाच्या उशाशी नाडीचा आकडा दाखवणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत एक बाई कर्नल सांभाळतात. कर्नल म्हणजे बाकी सगळ्या प्रोग्रामांच्या तळाशी बसून त्यांना मेमरी वाटून देणारा मूळ प्रोग्राम. त्यांच्या मंजुरीशिवाय तिथे एक ओळ शिरत नाही. आलेल्या कोडवर बहुतेक वेळा त्या 'थांबा' एवढंच लिहितात, म्हणून ऑफिसात त्यांना थांबाबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त नवऱ्याची. तो दोन टेबलं पलीकडे बसून सेन्सरचं कोड लिहितो.

त्या आठवड्यात यंत्रं रुग्णालयात जायची होती. तसा शब्द नवऱ्याने साहेबांना दिला होता. बाईंनी चाचणीत चालू यंत्रातून सेन्सरची केबल उपटली. यंत्र गोठलं. पडद्यावरचा आकडा मात्र तसाच राहिला, ठणठणीत माणसाचा.

"अशी केबल कोण उपटतं?" नवरा म्हणाला.

"नर्स. पेशंटला कुशीवर वळवताना."

कर्नलमध्ये प्रत्येक वस्तू, म्हणजे सेन्सरसारख्या गोष्टीची मेमरीतली नोंद, किती प्रोग्रामांनी धरून ठेवली आहे, याची मोजणी चालू असते. शेवटच्याने हात सोडला की तिचं रिलीज फंक्शन, म्हणजे आवराआवर करणारा कोडचा तुकडा, चालतं आणि मेमरीतली जागा मोकळी होते. एका वस्तूच्या आधाराने दुसरी उभी असेल, तर मूल आहे तोवर आईबापालाही जाता येत नाही. हे फंक्शन दिलं नाही तर कर्नल तक्रार करतो. नवऱ्याने ते दिलं होतं, पण आत काहीच लिहिलं नव्हतं. केबल निघताक्षणी त्याचं कोड जागा परस्पर मोकळी करत होतं आणि पडदा अजून तिथूनच वाचत होता, म्हणून यंत्र गोठलं.

"अहो, हे रिकामं का?"

"कुरकुर थांबावी म्हणून."

"घरीही तेच. मी बोलले की नुसतं हो हो."

पलीकडे कोणीतरी फिसकन हसलं. नवरा हसला नाही. "अगं, शब्द दिलाय मी. एवढ्या वेळेला जाऊ दे. बाहेरच्याचं असतं तर गोष्ट वेगळी."

"बाहेरच्याला एवढं समजावलंही नसतं," म्हणत त्यांनी 'थांबा' लिहिलं.

नवरा तोंड फुगवून बसला, पण कोड त्यानेच बदललं. केबल निघाली की फक्त तशी खूण करायची आणि आपला हात सोडायचा. जागा मोकळी करणं रिलीज फंक्शनच्या अंगावर. बाईंनी पुन्हा केबल उपटली. पडद्यावर 'सेन्सर नाही' आलं, यंत्र चालूच राहिलं.

आता साऱ्या चाचण्या नव्याने करायच्या, म्हणजे दिलेला शब्द मोडला. ते सांगायला नवरा साहेबांकडे एकटाच गेला. उशीर कोणामुळे, असं विचारल्यावर "माझ्यामुळे" म्हणाला.

परत येऊन तो बाईंच्या टेबलाला टेकला. "पोटभर बोलणी खाऊन आलो. तू जेवलीस?"

"थांबा," बाई म्हणाल्या, "एवढी चाचणी संपू दे."