वास येतो का?

आमच्या शेजारच्या मशीनवाल्या काकूंना वास येत नाही. फार वर्षांपूर्वी एका तापात नाक गेलं, ते गेलंच. दूध नासलंय का हे त्या जिभेचं टोक लावून बघतात आणि गॅस बंद केलाय ना हे उठता-बसता तपासतात. एरवी काकू धीराच्या. दिवसभर शिलाई मशीनची खडखड चालू, आणि माझ्या बाह्या घट्ट शिवून वर मलाच ऐकवणार, "माप बरोबर आहे, तुझे दंडच सुटलेत."

मागच्या वादळात आमच्या गच्चीवरचे पत्रे उडाले आणि वरच्या मजल्यावर आम्हा दोघींच्या घरांत पाणी उतरलं. माझं स्वयंपाकघर गेलं, त्यांची नेमकी झोपायची खोली. काका तेव्हा न्यूमोनियाने दवाखान्यात होते. डॉक्टरांनी काकूंना बजावलं, "घरात ओल, बुरशी असेल तर त्यांना तिथे नेऊच नका. ही फुप्फुसं आता दुसरा झटका झेलायची नाहीत."

तेव्हापासून काकूंचा जीव टांगणीला लागला. भिंतीवर डोळ्यांना दिसत होती तेवढी काळी बुरशी त्यांनी घासून काढली. पोपडे खरवडले, पंखे लावले, ब्लीचने हात सोलवटून घेतले. पण न दिसणारी बुरशी वासावरून कळते, आणि तिथेच तर त्यांचं घोडं अडत होतं. मग दारात येईल त्याला विचारायला लागल्या, "वास येतो का हो?" दूधवाला नाही म्हणाला. कपडे न्यायला आलेल्या बायका म्हणाल्या, "छे, घर कसं लख्ख झालंय!" लोक तरी काय सांगणार? ते सोलवटलेले हात बघितल्यावर कुणाच्या तोंडून 'हो' निघेल?

मला तेवढं विचारलं नव्हतं. मी फटकळ आहे, हे साऱ्या इमारतीला ठाऊक आहे. काका घरी यायचे त्या सकाळी मात्र त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

"चल. तू खोटं बोलत नाहीस."

"म्हणजे मी वाईट बोलते."

"तेच. चल."

आत गेले. आधी नाकात नुसतं ब्लीच. मग पलंगाजवळ गेले. कुबट, कोंदट, दडपून ठेवलेला वास.

"येतोय," मी म्हणाले.

काकूंनी लगेच विचारलं, "कुठून?"

मी भिंत हुंगली, कपाट हुंगलं, पडदे हुंगले. शेवटी गादीवर नाक टेकलं. काकांच्या पाठीला मानवणारी ती एकच कापसाची गादी, वर नवीकोरी निळ्या पट्ट्यांची खोळ, शिवण अशी की दृष्ट लागावी.

"ती नाही गं," काकू म्हणाल्या. "तिचं एकच टोक भिजलं होतं. मी उन्हात वाळवली, इस्त्री फिरवली, मग खोळ शिवली."

मी पुन्हा तिथेच नाक टेकलं. त्यांनी स्वतःच कात्री घेतली आणि शिवण उसवली. आधी नवी, मग आतली जुनी. कोपऱ्यातला कापूस काळा पडून त्याचे गठ्ठे झाले होते, हाताला ओलसर लागत होते. वरून वाळलेली ओल काकूंनी स्वतःच्या हातांनी आत शिवून टाकली होती.

"मी ह्यांना ह्यावर झोपवणार होते," त्या म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

गादी आम्ही दोघींनी ओढत खाली नेऊन टाकून दिली. संध्याकाळी काका आले, जिन्याने धापा टाकत. काकूंनी त्यांना उंबऱ्यातच अडवलं. "थांबा. आधी सांगा, वास येतो का?"

"छे गं. छान वाटतंय."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. बायकोने करपवलेल्या भाज्या आयुष्यभर वाखाणून खाल्लेला माणूस तो, त्याच्या 'छान'चा काय भरवसा? मी नाक ओढून वास घेतला आणि म्हणाले, "नाही येत." तेव्हा कुठे त्या दारातून बाजूला झाल्या.

पण भिंतीचं काय? गवंडी म्हणतो, आतून वाळायला वेळ लागेल. म्हणून रोज सकाळी मी जाते. दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसते म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली, आता त्याचंच आमंत्रण आहे. हसते खरी, पण त्या दारात पाऊल टाकताना दर वेळी भीती वाटते.

काल उठले तर सर्दीने नाक गच्च. चहाचासुद्धा वास नाही. तरी गेले. काका पलंगावर, गादीऐवजी गोधड्यांवर पडलेले, काकू भिंतीशी उभ्या.

"वास येतो का गं?"

'नाही' अगदी ओठांवर आलं. म्हटलं असतं तर बाईने दोन घास सुखाने खाल्ले असते.

"काकू, मला सर्दी झालीय. मला काहीच कळत नाहीये."

माझा हात धरून काकूंनी भिंतीवर ठेवला, शेजारी स्वतःचा ठेवला. भिंत गार लागत होती. नुसती गार की ओली, ते आम्हा दोघींनाही सांगता येईना. मागे काका एकदा खोकले. आम्ही हात तसेच ठेवून, दुसरा खोकला येतो का म्हणून कान देऊन उभ्या राहिलो.